उलटी चौकट

हेमसिंग : उलटी बसवली तुमी हे चौकट. पुरी उलटी!

पुंजाजी : सुलटी हाय.

हेमसिंग : अजी पुंजाजी, पडक्या घरायचं सागवान घेता घेता माहे केस पांढरे झाले. खांब, तुळया, कवाडं, चौकटी, साऱ्या वऱ्हाडाचा माल या हाताखालून गेला. चौकटीचं तोंड कोनतं अन् पाठ कोनती, हे मी डोळे मिटून नुसता हात लावून सांगतो. हे पाठ हाय. नक्शी तुमी घरात घातली, अन् साधं लाकूड गावाले दाखवून राह्यले.

पुंजाजी : माहीत हाय मले.

हेमसिंग : माहीत हाय? अन् तरी अशी? कवाड तं पाहा. साऱ्या दुनियेचं कवाड आत उघडते, तुमचं बाहेर. आता ह्या बाई दारापुढं उभ्या होत्या, तुमी आतून कवाड लोटलं. बिचाऱ्या दोन पावलं मांगं सरल्या म्हून नाक वाचलं.

पुंजाजी : पाव्हना आला का मी आतून हाक देत असतो, मांगं सरा म्हून. आज इसरलो. लागलं नाई ना बाई?

प्रयागबाई : नाई. काही नाई लागलं.

हेमसिंग : वळखलं का तुमी यायले?

पुंजाजी : वळखलं. नानाजी पाटलाची धाकटी लेक. प्रयागबाई. यष्टीतून उतरून गल्लीले लागल्या तवाच ओट्यावरून वळखलं, अन् पानी आनाले आत गेलो. हात पाठीमांगं बांधून चालनं, ते पाटलाचंच.

प्रयागबाई : पुंज्या, मी सकाळी... पुंजाजी, मी मंगरूळवरून सकाळच्या यष्टीनं निंगाली.

पुंजाजी : ‘जी’ लावलं, बरं केलं. पह्यलं मले ऐकू नाई आलं. बसा ओट्यावर. भागिरथा वावरात गेली, नाई तं चहा झाला असता. पानी देऊ?

प्रयागबाई : द्या. घसा वाळला माहा. तांब्याच द्या, वरून पेते.

हेमसिंग : मी मतलबाचं सांगून टाकतो. बाईच्या पोरानं मंगरूळले नवं घर काढलं. स्लॅबचं. बाईनं मले बोलावलं. म्हने हेमसिंग, माह्या माहेरची चौकट गावातच हाय, बौद्धपुऱ्यात, पुंजाजीच्या घराले. तू जानकार मानूस हायेस, माल पाह्य, बोलनं कर. म्हून आलो. हे झालं आमचं येनं.

पुंजाजी : इकाची हाय असं कोन बोललं?

हेमसिंग : कोनीच नाई. म्हून तं आलो! इकाची हाय म्हनते त्याच्या घरी मी जातच नाई, तो माल आतून किड्यानं खाल्ला असते.

प्रयागबाई : हेमसिंग, जरा चूप राह्य. हा खड्डा पाह्य. हा, अठी. कडीचा खड्डा हाय हा. राती बाबा कडी लावत, अन् सकाळी सोडली का ते अठी येऊन आपटे. त्या आवाजानंच मी उठत होती. किती सालं आपटली असन, पाह्य ना, बोट जाते आत.

हेमसिंग : बाई, पाठीचं काय पाह्यता? आत चला, नक्शी पाहा. किंमत तठी हाय.

प्रयागबाई : थांब ना रे! मी कुठी उभी हाव, समजते का तुले? हे दाराची आतली बाजू हाय. मी अठी उभी हाव म्हंजे मी माह्या मायच्या घरात उभी हाव. वसरीत. या हाताले बाबाची बैठक, त्या हाताले तुळईले टांगेल झुला. अन् त्या अंगाले, जिथी पुंजाजीची चूल हाय, तिथी... तिथी बाहेर.

पुंजाजी : तठी आमी.

प्रयागबाई : काय?

पुंजाजी : बाहेर आमी बसत होतो म्हनलं. मी अन् माहा बाप. देवमन नाव त्याचं. याद असन तुमाले.

प्रयागबाई : आवाज याद हाय. ‘जी पाटील’, असा. खरखरीत आवाज होता. तोंड नाई याद.

पुंजाजी : कसं राहीन? तुमी आत, तो बाहेर. मधात हे दार.

हेमसिंग : मी काय म्हनतो, ऊन चढून राह्यलं. आत जाऊन बोलू. चला बाई. अजी चला ना.

पुंजाजी : थांब हेमसिंग. बाई, उंबरठ्याशी काहून अडकल्या? मनात काही असन तं राहू द्या. जबरदस्ती नाई. नक्शी कशी हाय ते मी आतून सांगतो.

प्रयागबाई : नाई हो, तसं नाई. बाबासारखी नाई मी. हा उंबरठा मी जन्मात एकदाच वलांडला, म्हून अडकली. आमी बाया सदा मांगच्या दारानं. विहीर मांगं, ढोरं मांगं, वावराची वाट मांगं. समोरचं दार मान्सायचं. लग्नात तेवढं काढलं मले याच्यातून, डोक्यावर पदर, मान खाली. कोनता पाय पह्यले टाकाचा ते मावशी कानात सांगे, अन् मी भेवानं दुसराच टाकला. सारे हासले. आज तेच आठवलं. कोनता पाय टाकू?

पुंजाजी : कोनताबी टाका. आमच्या घरी पायाचा नेम नाई. डोकं मात्र वाकवा, बुटकी हाय.

(तिघेही आत येतात. पुंजाजी कवाड ओढून घेतो आणि बाजूची खिडकी उघडतो.)

हेमसिंग : वा! अरे वा, वा, वा! सेवालाल महाराजाची शप्पथ, दहा सालात अशी चौकट नाई पाह्यली. मेळघाटाचं सागवान हाय हे. नख मारलं तरी उमटत नाई. जवसाचं तेल पाजता काय?

पुंजाजी : सालातून एकदा. बुद्धपुनवेच्या आंधी.

हेमसिंग : माल ठेवावा तं असा! नाई तं लोक डांबर फासतेत. वर गणेशपट्टी असन ना? तसबिरीच्या मांगं?

पुंजाजी : हाय. इथले काही पोट्टे म्हने छिन्नी मारून सपाट करू. म्या म्हनलं, पुजाचं नाई तं नका पुजू, पन सुताराचं काम कायले बिघडवता? बाबासाहेबाची तसबीर पुढं लावली. भांडन मिटलं.

प्रयागबाई : बापा, किती राघू!

पुंजाजी : एकुनीस. डाव्या अंगाले दहा, उजव्या अंगाले नऊ.

हेमसिंग : नऊ कसे? दोन्ही अंग बराबर राहतेत. एखांदा तुटला असन.

पुंजाजी : तुटला नाई. दहाव्याच्या जागी आंबा हाय, खाली पाह्य. माहा बाप म्हने, सुतार कंटाळला असन, म्हने आता राघू नाई करत, आंबा घ्या. अन् हा डावीकडला तिसरा पाहा बाई. साऱ्यायचं तोंड समोर, याची एकट्याची मान मांगं. बाप म्हने, हा राघू आतलं पाह्यते. पाटील उठले का, जेवले का, खुशीत हायेत का रागात, सारं याले माहीत. बाप त्याले इचारे, काय रे, आज काय हुकूम हाय? मी लहान होतो, मले हासू येये.

प्रयागबाई : किती येळ बसा लागे?

पुंजाजी : हुकूम होईस्तोर. कधी घटकाभर, कधी दिवस बुडे. चिठ्ठी नेनं, लाकडं फोडनं, पाव्हन्याचं घोडं धरनं. हुकूम नसला तं ‘आज काही नाई, जा’, हे सांगालेबी कोनी बाहेर येत नव्हतं. बसाचं. बसून राघू मोजाचे. मोजून झाले का खालून वर मोजाचे.

प्रयागबाई : मी आत होती. मले माहीतबी नव्हतं कोनी बसेल हाय म्हून. अन् हे राघू... पुंजाजी, खरं सांगते, मले हे राघू माहीतच नाई. वीस सालं त्या घरात काढले मी. माह्या घराच्या दारावर राघू होते हे मले आज समजून राह्यलं, तुमच्या घरात.

पुंजाजी : मंग माहं ऐका. मले लहानपनापासून वाटे, बाहेरून एवढी नक्शी हाय, तं आतून किती असन! बाहेर राघू, तं आत मोर असतीन. हत्ती असतीन. बाप म्हने, सोन्याचं पानीबी देल्लं असन, पाटलाले काय कमी हाय? बसल्या बसल्या आमी बापलेक आतली बाजू रचत होतो. एक दिवस तो एक हत्ती वाढवे, एक दिवस मी. बाप गेला तरी मी रचतच होतो. मंग दुष्काळाच्या दुसऱ्या साली तुमच्या जगदेवभाऊनं घर पाडून लाकूड इकाले काढलं. म्या दोन बकऱ्या देऊन हे चौकट घेतली. भितीतून सुटली, आडवी झाली, तशी म्या पह्यले तिले पलटी मारली.

प्रयागबाई : अन्?

पुंजाजी : काहीच नाई. कोरं लाकूड. रंधाबी धड मारेल नाई. मी तठी मटकन खाली बसलो अन् हासत सुटलो. जगदेव पाटील म्हने, पागल झाला का रे? काय सांगाव त्याले? सारी नक्शी आमच्याकडं तोंड करून होती बाई. तुमच्यासाठी काही नव्हतंच.

प्रयागबाई : खरं हाय. आमच्याकडून कोरंच होतं.

हेमसिंग : त्याच्यात काय नवल? नक्शी बाहेरच राहते. लोकाले दाखवाले करतेत ते.

पुंजाजी : हाव ना. लोक म्हंजे आमीच.

हेमसिंग : अन् म्हून तुमी हे उलटी बसवली?

पुंजाजी : सुतार म्हने, उलटी होते. म्या म्हनलं, होऊ दे. बाहेर बसून लय पाह्यले राघू, आता आत बसून पाहीन. जेवतो, निजतो, पुढं राघू. कोनाच्या हुकुमाची वाट नाई पाहा लागत.

हेमसिंग : बात दिलाले लागली, मी नाई कायले म्हनू. पन आता माहं ऐका. या चौकटीचे कवाडं माह्यापाशी हायेत. धनजच्या एका घरातून काढून आनले, तठी इकले होते जगदेवभाऊनं. जोडी जमली तं साऱ्या मुलखात दुसरी नाई. मुंबईचे लोक तं बापा, कवाड आडवं करतेत, वरून काच ठेवतेत, अन् त्याच्यावर चहा पेतेत! खांबाले भोक पाडून बिजलीचा दिवा लावतेत. मले ते पटत नाई, पन माल तिकडंच जाते. हे चौकट तशी जानार नाई. बाईच्या घराले जाईन, दारच राहीन. तुमाले मी नवी सागाची बसवून देतो, सुलट्या कवाडाची. अन् वर तुमी म्हनसान ते.

पुंजाजी : मी म्हनतो, नाई.

हेमसिंग : आकडा तं ऐका!

पुंजाजी : नको सांगू. ऐकला का मानूस बिघडते.

प्रयागबाई : पुंजाजी, मी हट्ट कराले नाई आली. नाई, खोटं कायले बोलू? हट्टच कराले आली. मायबाप गेले, भावायनं घर पाडलं, मले पोस्टकार्ड आलं ते पाडल्यावर. कोनी इचारलं नाई, प्रयाग, तुले यातलं काही पायजे का? तुळया जगदेवनं ठेवल्या, खांब थोरल्यानं नेले, भांडे वहिन्यायनं वाटून घेतले. मले कोनी भितीतली एक खुंटी देल्ली नाई. लेकीले लाकूड कोन देते? आज यष्टीतून उतरली तं पाय आपसूक तिकडंच वळले. कापसाचं गोदाम हाय तठी. नुसते पत्रे. जगदेवनं मले पाह्यलं अन् म्हने, काहून आली वं, काही काम होतं का? माहेरी आली म्हनाले मले जागा नाई राह्यली. माह्या मायच्या घराचं आता एवढंच उभं हाय, अन् ते तुमच्या घराले हाय.

पुंजाजी : तुमचं दुख खोटं नाई. पन म्या काय चोरून आनली? भर बजाराच्या दिवशी, मोठ्या रस्त्यानं, चौघाच्या खांद्यावर आनली. पारावरचे म्हनत होते, पुंज्यानं पाटलाचं दार आनलं, आता त्याले घर कुठून आनन? ते ऐकत ऐकत आनली. माहा बाप सारी जिंदगी या दारापुढं बसला, त्याच्या हाताले त्यातलं काही लागलं नाई. माह्या हाताले लागलं. ते मी देऊन टाकू?

प्रयागबाई : माह्या बापाचं दार होतं ते.

पुंजाजी : माह्या बापाचंबी होतं. तुमच्या बापाहून जास्त येळ त्यानं ते पाह्यलं.

हेमसिंग : झालं! आता भांडा. मी सांगू काय? जाडी चांगली वीतभर हाय. आरा मशीनवर नेतो अन् उभी चिरून दोन करतो. नक्शीची बाजू पुंजाजी, पाठ बाईले. घ्या, मिटलं!

पुंजाजी : होते तसं?

हेमसिंग : काय होते?

प्रयागबाई : खरंच होते का रे तसं, हेमसिंग?

हेमसिंग : अवं बाई, मी मजाक केली!

पुंजाजी : मजाक राहू दे. चिरता येते का नाई, तेवढं सांग.

हेमसिंग : येते. लाकूडच हाय ते, काहून नाई येनार? पन पाठीले बजारात कुत्रं नाई इचारनार!

प्रयागबाई : मले कुठी बजारात न्याची हाय? मले राघू नाई पायजे. मले तो कडीचा खड्डा पायजे.

पुंजाजी : अन् मले पाठीशी काही घेनं नाई. मी तिच्याकडं पाह्यतबी नाई.

हेमसिंग : अरे देवा! हा कसा सौदा हाय? अर्ध्या जाडीची नक्शी म्हंजे फोटोची फ्रेम झाली. दोन सालात पीळ पडन तिले. ज्या सुतारानं केली त्याचे हात स्वर्गात थरथरतीन. मी मढे उचलाचा धंदा करतो, समजलं, पन जितं जनावर कापाचा नाई करत.

पुंजाजी : राघू तं राहतीन?

हेमसिंग : राहतीन.

प्रयागबाई : मंग चल बाहेर. कुठून चिराची ते दाखव. माह्या डोळ्यादेखत रेघ मार.

पुंजाजी : चला. म्या पेन्सिल घेतली.

हेमसिंग : हाव, चला. मले काय? ...हे पाहा, करवत अठून जाईन. या अंगानं खालपर्यंत, मंग पट्टी, मंग तो अंग. अन् हे काय चिकटलं? चुना? भल्ला थर हाय! हे आंधी खरवडा लागन, नाई तं...

प्रयागबाई : हात नको लावू!

हेमसिंग : बाई, चुनाच तं हाय.

प्रयागबाई : बाबाचा हाय तो. सरक. सरक तिकडं. ...बाबा तंबाखू मळत, अन् उरलं ते चुन्याचं बोट अठी पुसत. रोज. याच जागी. माय बोले, दार काय तुमचा पंचा हाय? दर सनाले ते खरवडाले निंगे, अन् बाबा म्हनत, खरवड, मी दुसऱ्या दाराले पुसीन. मंग माय तसंच ठेवे. पुंजाजी, मी हे इसरली होती. कडी याद होती, झुला याद होता, बाबाचं हे बोट मी साफ इसरली होती. कशी इसरली? ...थांबा. हा ओला हाय.

हेमसिंग : ओला?

प्रयागबाई : वरचा ओला हाय. पाह्य, माह्या बोटाले लागला. बाबाले जाऊन अकरा सालं झाले अन् हा ओला हाय!

पुंजाजी : भेऊ नका. माहा हाय तो. तुमी येयाच्या आंधी तंबाखू मळली म्या.

प्रयागबाई : तुमीबी अठीच पुसता?

पुंजाजी : ओट्यावर बसलो का हात तठीच जाते. चौकट आनली तवा थर होताच. मले वाटलं, चुना पुसाची जागाच हाय हे. पुसत गेलो. पाटलाचा हाय हे कुठी माहीत होतं? माहीत असतं तं... काय माहीत. पुसलाबी नसता.

प्रयागबाई : बाबाचा कुठी संपला अन् तुमचा कुठून लागला, काही समजत नाई.

हेमसिंग : मले समजते. खालचा पिवळा पडेल हाय, तो जुना. वरचा...

पुंजाजी : हेमसिंग.

हेमसिंग : राह्यलो चूप.

प्रयागबाई : हेमसिंग, आऱ्यावर हा राहीन का?

हेमसिंग : तुमाले खोटं नाई सांगत बाई. आऱ्यावर लाकूड थरथर करते. चुना पह्यल्याच फेरीत झडन. नुसती गाडीत टाकून नेली तरी अर्धा वाटेत पडन.

पुंजाजी : बाई.

प्रयागबाई : अं?

पुंजाजी : चिरू नका. पुरी न्या.

हेमसिंग : पुंजाजी! काय बोलता?

पुंजाजी : पुरीच न्या. मी अन् माहे भाऊ मिळून आस्ते काढून देतो. गोधडीत गुंडाळू, खाली कडबा घालू, गाडीसंगं मी स्वता पायी येईन. कनभर चुना पडनार नाई.

प्रयागबाई : अन् राघू?

पुंजाजी : राघू मले पाठ हायेत. डोळे मिटले का एकुनीसच्या एकुनीस पुढं येतेत, संगं तो आंबाबी. बाप मराले टेकला तवा तठी कुठी दार होतं? खाटेवर पडल्या पडल्या बोटानं हवेत मोजत होता, म्या पाह्यलं. तुमचं तसं नाई बाई. कोऱ्या लाकडाचं मानूस काय पाठ करन? तुमाले ते पुढंच लागते.

प्रयागबाई : खरंच देता?

पुंजाजी : देतो म्हनलं ना. नवी चौकट तेवढी बसवून द्या, घर उघडं नको पडाले. बाकी काही नको.

हेमसिंग : मी गाडी सांगतो. आताच सांगतो, मन पलटाच्या आंधी. बाई? बाई, काय पाह्यता?

प्रयागबाई : माह्या पोरानं आइलपेंट आनून ठेवला, पुंजाजी. हिरवा. साऱ्या दारायले एकच रंग. मी म्हनलं, माहेरची चौकट आनते, तं म्हने आन, तिलेबी दोन हात मारून देऊ. मी सांगीन त्याले, नको मारू म्हून. तो आयकन. चांगला हाय तो. सालभर आयकन. मंग एखांद्या सनाले सून म्हनन, हा पांढरा डाग कायचा? घासून काढन. तिची काय चूक? तिनं बाबाले पाह्यलंबी नाई. अन् आमच्या घरात कोनी तंबाखू खात नाई.

पुंजाजी : ते चांगलं हाय.

प्रयागबाई : चांगलंच हाय. पन मंग बोट कोन पुसन?

हेमसिंग : म्हंजे? बाई, म्हंजे काय समजू मी? गाडी सांगू का नको?

प्रयागबाई : नको सांगू.

हेमसिंग : घ्या! नको म्हनत होता तो ‘न्या’ म्हनते, अन् न्याले आलेली ‘नको’ म्हनते. दोघं मिळून मले पागल करसान. मंग मी आलो कायले?

पुंजाजी : बाई, माह्यावर उपकार म्हून ठेवत असान तं नका ठेवू. मले ते नाई पायजे. तुमच्या घरचं उपकाराचं लय खाल्लं आमी.

प्रयागबाई : उपकार कायचा? मीच मांगून राह्यली. भाऊबीजीच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या यष्टीनं येईन. या ओट्यावर घटकाभर बसीन, अन् सांजच्या यष्टीनं परत जाईन. आत नाई यायची असं नाई, येईन. पन बसीन अठी. चालन का तुमाले? भागिरथाले चालन का?

पुंजाजी : चालन. तिले सांगून ठेवतो. ते काही तरी गोडाचं करनच.

प्रयागबाई : अन् पुंजाजी, एक इचारू? दिवसातून किती येळा मळता तंबाखू?

पुंजाजी : चार-पाच येळा होते. भागिरथा बोलते, कमी करा म्हून.

प्रयागबाई : खरं हाय तिचं. कमी करा. पन बोट अठीच पुसा.